केंद्रकाची दारं

दाताच्या दवाखान्यातून खाली उतरलो, जिन्याजवळच्या टपरीवर पाण्याचा ग्लास उचलला, तोंडाला लावला आणि रिकामा करून ठेवला. पाणी प्यायलो, असं मी धरून चाललो होतो. टपरीवाला माझ्या छातीकडे बघत होता म्हणून मीही खाली पाहिलं. शर्ट पार पट्ट्यापर्यंत भिजला होता. अर्ध्याहून जास्त पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून निघून गेलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. जानेवारीतलं पाणी, दात शिवशिवतील इतकं गार, पण मला गार-गरम काहीच कळलं नाही. "सुई दिली का साहेब?" टपरीवाला म्हणाला. दवाखान्यातून उतरलेल्या माणसांना भिजताना पाहायची त्याला सवय असणार. मी मान हलवली. बोटानं ओठ दाबून पाहिला. बोटाला ओठ लागला, ओठाला बोट लागलं नाही. सुईतलं औषध तसं फार काही करत नाही, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. मज्जातंतूच्या पडद्यात सोडियमच्या कणांसाठी बारीक दारं असतात, तेवढी ते अडवून धरतं. कण आत आले नाहीत की मज्जातंतू मेंदूला काही कळवत नाही. दुखणं असतं तिथंच असतं, फक्त निरोप जात नाही. डॉक्टरांनी पहिली सुई लागली नाही म्हणून दुसरी दिली होती आणि बजावलं होतं, बधिरपणा उतरेपर्यंत काही चावायचं नाही. मी रस्त्यावर उभा राहून गालाला चिमटा काढला. मला वाटलं होतं, थोडी भीती वाटेल, निदान गंमत वाटेल. तसलं काही झालं नाही. उलट ते ओळखीचं वाटलं. वर्षभर मी असाच होतो, आता ते एका गालापुरतं लोकांना दिसत होतं इतकंच.

गंगापूर रोडनं चालत घरी आलो तर यादवकाका फाटकापाशीच उभे. ते आमचे घरमालक, वरच्या मजल्यावर राहतात, आणि आमच्याकडे फोन नसल्यामुळे आमचे सगळे निरोप त्यांच्याकडे येतात. "वणीहून चंदरचा फोन होता," ते म्हणाले. चंदर म्हणजे माझा मेहुणा. "सोमाअण्णा गेले. पहाटेच. दुपारी उरकतील म्हणाला." सोमाअण्णा माझे सासरे. मी 'बरं' म्हणालो, तेही धड उमटलं नाही. काकांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग म्हणाले, "शर्ट बदलून जा." मी आत जाऊन शर्ट बदलला. बदलताना वाट पाहिली. सोमाअण्णा मला आवडायचे. द्राक्षांच्या दिवसांत पेटी घेऊन यायचे, खुर्चीत न बसता जमिनीवर मांडी घालायचे आणि डोळे बारीक करून विचारायचे, "काय जावईबापू, तुमच्या त्या भोकांचं काय झालं?" तो माणूस आता नाही, असं मी स्वतःशी नीट, पूर्ण वाक्यात म्हणून पाहिलं. शर्टाची बटणं लागली. काही आलं नाही. दाराला कुलूप घालून मी निमाणीच्या स्टँडवर गेलो आणि वणीची गाडी धरली.

भोकांचं काय झालं, हे खरं तर सरिताला सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. सरिता माझी बायको. पुण्यात मी चार-पाच वर्षं कांदे सोलले. त्याला पीएच.डी. केली असंही म्हणतात. पेशीच्या आत केंद्रक असतं, केंद्रकाभोवती दुपदरी पडदा असतो, आणि त्या पडद्याला हजारो भोकं असतात. मला शोधायचं होतं ते एवढंच, की पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम असले बारीक कण त्या भोकांतून कसे ये-जा करतात. पुस्तकं म्हणायची, यात विचारायचंय काय? भोक एवढं ऐसपैस, की असले कण आठवड्याच्या बाजारात हिंडावं तसे आतबाहेर करत असणार. अडवणूक होते ती मोठ्या रेणूंची. त्यांना ओळख दाखवावी लागते, सोबत लागते, तेव्हा कुठं आत घेतात. सगळ्यांना पटलेली गोष्ट होती, फक्त कुणी मोजलेली नव्हती. म्हणून मी कांद्याच्या पापुद्र्यातून केंद्रकं सुटी करायचो, एकाला केसाहून बारीक तोंडाची काचेची नळी चिकटवायचो, किंचित वीज सोडायचो आणि सरकत्या कागदावरच्या लेखणीकडे बघत बसायचो. कण गेले की लेखणी थरथरायची. थरथर म्हणजे दार उघडं. मी लासलगावचा, त्यामुळे कांद्याचं पोतं माझ्याच गावाहून यायचं. पापुद्रा आम्हाला, उरलेला कांदा हॉस्टेलच्या मेसला. त्या वर्षांत मेसमधलं पिठलं सुधारलं, हे माझ्या संशोधनाचं पहिलं फळ. पण कधी कधी लेखणी थरथरायचीच नाही. सपाट रेघ काढत बसायची. माझे गाइड मागून यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, रेघ बघायचे आणि म्हणायचे, "मेलंय हे. टाकून दे, दुसरं घे." मी टाकून द्यायचो. आमच्याकडे तसा रिवाजच होता. सपाट म्हणजे मेलेलं, आणि मेलेलं बेसिनमध्ये.

डिग्री मिळाली, इथल्या कॉलेजात नोकरी मिळाली, लग्न झालं, आणि मग पुण्याच्या एका मित्रानं कुठल्या तरी परदेशी लेखाची झेरॉक्स पाठवली. त्या लोकांनी सुट्या केंद्रकाला पेशीतला रस परत दिला होता, थोडं इंधन दिलं होतं, आणि मोठे रेणू आत जाऊ लागले की काय होतं ते पाहिलं होतं. मोठा रेणू भोकात शिरला की भोक भरून जातं. तो पार होईपर्यंत बारीक कणांनाही वाट राहत नाही. लेखणी सपाट होते. मी हे सरिताला सांगितलं तेव्हा ती ओट्यापाशी तांदूळ निवडत होती. ती बारावीनंतर शिकलेली नाही, पण माझ्या एफ.वाय.च्या पोरांपेक्षा बरी ऐकते. थोडा वेळ खडे काढत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आपलं कपाट आणलं तेव्हा झालं तसं. हमाल कपाट घेऊन दारात अडकले, तुम्ही आत आणि मी बाहेर. मांजरालासुद्धा जाता येईना." मी म्हणालो, अगदी तसंच. मग ती म्हणाली, "आणि तुम्ही मेलंय म्हणून किती जिवंत टाकून दिलीत?" ती हसली. तेव्हा तिला पाचवा महिना होता आणि ती कशालाही हसायची.

मूल सातव्या महिन्यातच झालं. मुलगा. काचेच्या पेटीत ठेवला होता, आणि बारशाचा दिवस यायच्या आत गेला. सरिता तेव्हा दवाखान्यातच होती, ताप होता तिला. तिला मांडीवरही घेता आलं नव्हतं नीट. मी आणि यादवकाका त्याला घेऊन गेलो, आणि परत येऊन मी तिच्या खाटेशेजारी बसलो, ते बसलोच. घरी आल्यावरही. लोक म्हणतात माणूस दुःखानं अबोल होतो, पण हे तसं नव्हतं, दुःख मला दिसलंच नाही कुठं. आधी मी मुलाबद्दल बोललो नाही. मग बाकीचंही गेलं. दूध आलं का, गॅस लावला का, आज पगार झाला, असल्या गोष्टीही माझ्या तोंडून निघेनात. कॉलेजात जाऊन दोन तास बडबडायचो आणि घरी आलो की संपलो. सरितानं रडणं, चिडणं, उपास, सगळं करून पाहिलं. शेवटी तिनं बाकीचं सोडून दिलं आणि एकच गोष्ट धरून ठेवली. "त्याला कुठं ठेवलंत तेवढं सांगा. मी दुसरं काही विचारणार नाही." बायकांना तिथं नेत नाहीत, त्यामुळे माझ्याशिवाय तिला सांगणारं घरात कुणी नव्हतं. यादवकाकांना विचारायला ती गेली नाही. म्हणाली, बाप असताना मी परक्याला का विचारू? मी तोंड उघडायचो. जागा डोळ्यांपुढं असायची, लिंबाचं झाड, उतार, पलीकडचं पाणी. आणि शब्द यायचा नाही. एकदा संध्याकाळी आला, तर भलताच आला. मी तिला त्या झेरॉक्सबद्दल सांगू लागलो. दारात मोठं काही अडकलं की बारीकसारीकही थांबतं, तू कपाटाचं म्हणाली होतीस बघ, तसं. मला वाटलं मी फार मोठं काही कबूल करतोय. ती ऐकून घेत उभी राहिली, आणि मग इतक्या हळू बोलली की मला पुढं वाकावं लागलं. "मला तुमची भोकं नका सांगू. माझं लेकरू कुठंय ते सांगा. एवढं नाही सांगता येत?" उन्हाळ्यात ती वणीला जाऊन येते म्हणाली आणि आली नाही.

मी रविवारी-सुटीला वणीला जायचो. सोमाअण्णा चहा मागवायचे, भोकांची चौकशी करायचे, मी हुंकार द्यायचो. निघताना सरिता स्टँडपर्यंत सोबत यायची आणि गाडी लागली की विचारायची, "सांगता?" मी गाडीची पाटी वाचत राहायचो. "मग जा," ती म्हणायची, आणि खरंच वळून निघून जायची. दिवाळीनंतर तिनं विचारणं सोडलं. मागच्या खेपेला चंदरनं मला गोठ्याकडे नेलं आणि सरळ सांगितलं, "दाजी, बाबा हायेत तवर हे असंच चालू राहील. ते म्हणतात, जावई माणूस चांगला हे, थांबा. बाबांच्या माघारी आमी नाय थांबायचो. तिचं वय हे अजून. मोकळं करून टाकू." म्हणजे बसमध्ये बसलो होतो तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. थांबा म्हणणारा माणूस आज गेला होता. आज तिनं मला विचारलं आणि मी गप्प राहिलो, किंवा तिनं विचारलंच नाही, तर घरी दोन माणसांची भांडी उगाच आहेत. दिंडोरी गेली. द्राक्षांचे मांडव गेले. खिडकीची काच बसत नव्हती, वारा तोंडावर येत होता आणि चेहऱ्याच्या एकाच बाजूला थंडी वाजत होती. हनुवटीवरून लाळ ओघळली ती शेजारच्या बाईनं दाखवली तेव्हा कळली. ती अंग चोरून सरकून बसली.

जागा सांगण्यात काही कठीण नव्हतं, हे मला बसमध्येही कळत होतं. गंगेच्या काठाला, इथल्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो, घाट सोडून बरंच खाली, लहानांना ठेवतात तिथं. एका वाक्याचं काम. पण ते वाक्य एकटं यायचं नाही. त्याच्यामागं बाकीचं उभं असायचं. यादवकाकांनी कुदळवाला माणूस आणला होता, त्यानं खणलं, मग ते म्हणाले, खाली तू उतर, बापानंच ठेवायचं असतं. मी उतरलो. काकांनी वरून दुपट्यातलं मूल दिलं, मी ते मातीवर ठेवलं. वजन काहीच नव्हतं. मग काकांनी कागदाची पुडी दिली. खडेमीठ. बापानंच टाकायचं असतं, ते म्हणाले. मी पुडी सोडली आणि मूठभर मूठभर टाकत गेलो. मीठ म्हणजे काय हे माझ्यापेक्षा त्या काठावर कुणाला जास्त माहीत होतं? कुठला कण कुठल्या पडद्यातून किती जातो हे मोजण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. आणि आता मी ते टाकत होतो तर ते दुपट्याच्या चुण्यांत साठत होतं, आणि दुपटं चेहऱ्यावरून जरा सरकलं होतं, आणि एक खडा त्याच्या पापणीवर जाऊन बसला. मला वाटलं, झोंबेल. डोळ्यात जाईल आणि झोंबेल. मला फुंकर मारायची होती. वाकलो की झालं असतं. वरून काका म्हणाले, "किशोर, हो वर आता," आणि मी वर झालो. मी फुंकर मारली नाही. हे बाईला कसं सांगायचं, की तुझ्या मुलाच्या डोळ्यावर मी मीठ टाकलं आणि तसंच ठेवून आलो? तिनं 'कुठं?' म्हणून विचारलं की माझ्या तोंडात हे यायचं आणि दारातच अडायचं. माझी स्वतःची घृणा यायची मला, पण तीही लांबून, काचेतून दिसावी तशी.

वणीत पोहोचलो तेव्हा पुरुष मंडळी नदीवरून परतली होती. घरापुढच्या मांडवात सतरंजी, तिच्यावर भावबंद बसलेले, ओले टॉवेल खांद्यावर. आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता, मधेच वाढत होता, मधेच शेजारून आलेल्या चहाच्या कपांचा होत होता. चंदर पुढं आला. "दाजी, लय उशीर केला," तो म्हणाला. मला म्हणायचं होतं की बस वेळेवर मिळाली नाही, निरोपच उशिरा मिळाला, आणि मला फार वाईट वाटतं. जीभ अर्धी हलली. जे बाहेर पडलं त्याला बोलणं म्हणता आलं नसतं. मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. मी पुन्हा प्रयत्न केला, ते आणखी वाईट झालं, आणि लाळ शर्टावर पडली. सोमाअण्णांची बहीण कुसाबाई दारात उभी होती. मोठ्या अंगाची, मोठ्या आवाजाची. तिनं पदर तोंडाला लावला, पण आवाज अडवला नाही. "आगं बया. सासरा मेला त्या दिशी ढोसून आलाय ह्यो." कुणीतरी तिला गप्प म्हणालं. "काय गप? लासलगावचा हाय, कांद्यानं बी पाणी येत नाय याच्या डोळ्याला, सासऱ्यासाठी कुठून येनार?"

चंदरनं मला दंडाला धरून बाजूला नेलं आणि तोंडाजवळ नाक आणलं. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी दातात लवंगतेलाचा बोळा भरला होता. "लवंग खाल्ली का वास मारायला?" तो म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. मी मान हलवत होतो, गालाकडे बोट दाखवत होतो, सुई टोचल्याची खूण करत होतो, आणि मला दिसत होतं की प्रत्येक खुणेगणिक मी जास्त प्यालेला दिसतोय. "आज तरी नको व्हतं दाजी. बाबा तुमची बाजू घ्यायचे. आता कोन घेईल?" तो ओरडला नाही, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. ती मात्र लांबून नव्हती, अगदी कानशिलापाशी होती, आणि मला आठवतं की मी तिच्याकडे जरा कुतूहलानं पाहिलं.

मग कडू भाकर बसली. मढं उचललेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयरे आपल्या घरून भाकरी आणि बिनफोडणीची डाळ घेऊन येतात आणि सुतकातल्यांना बळंच दोन घास खायला लावतात. त्या पंगतीला कुणी नको म्हणत नाही. नको म्हणणं म्हणजे मेलेल्याशी नातं तोडणं. मला डॉक्टरांचं बजावणं आठवलं, आणि हेही आठवलं की जावई आहे हे सांगायला माझ्याजवळ आता पंगतीतल्या या जागेपलीकडे काही नाही. चंदरनं मला कोपऱ्यात बसवलं. मी भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला, तोंडात घातला. चव नाही, ऊन नाही, मऊ नाही. उजवीकडून चावायचा प्रयत्न केला पण घास आपला डावीकडे जायचा. मी चावत राहिलो. चांगला चिवट घास होता. दुसरा घेतला. समोर वाढणारी कुसाबाई थांबली, तिच्या हातातलं भांडं वाकडं झालं आणि ती किंचाळली, "रगत!" मी ताटात पाहिलं. भाकरीवर लाल पडलं होतं, डाळीत लाल उतरलं होतं, माझ्या बोटांवर होतं. मी गाल खात होतो. "लिव्हर गेलं असंल याचं," शेजारचा म्हातारा म्हणाला आणि ताट घेऊन दूर सरकला. दोघं-तिघं उठून उभे राहिले. मला काहीही दुखत नव्हतं, आणि मी तसाच, तोंडातला घास गिळावा की काढावा याचा विचार करत बसलो होतो.

तेवढ्यात सरिता बाहेर आली. मी तिला दोन महिन्यांनी बघत होतो. केस सुटलेले, डोळे कोरडे. ती सरळ माझ्यापुढं येऊन उकिडवी बसली, हनुवटी धरली, अंगठ्यानं माझा खालचा ओठ ओढला आणि आत पाहिलं, बैलाचा दात बघावा तसं. तिचा अंगठा मला लागला नाही, मी तो फक्त पाहिला. "सुई दिलीय यांना दाताला," ती मोठ्यानं म्हणाली. "पिऊन नाय आले. दातवाल्यानं बधिर केलंय. गाल चावलाय यांनी." मग माझ्याकडे बघून, हळू, "आज कशाला बसलात पंगतीला? थुंका ते." मी थुंकलो. चंदर मान खाली घालून उभा होता. कुसाबाई म्हणाली, "आता मला काय ठाव," आणि डाळ वाढायला पुढं गेली.

सरितानं मला घरामागं हौदापाशी नेलं. तांब्या बुडवून हातात दिला. मी चूळ भरली की पाणी तोंडात ठरत नव्हतं, म्हणून तिनं दोन बोटांनी माझा ओठ मिटून धरला आणि म्हणाली, "हं, आता खळखळा." असं तीन-चारदा झालं. गुलाबी पाणी दगडावरून कोथिंबिरीच्या वाफ्यात जात होतं. तिनं काही विचारलं नाही. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला कळलं की ती विचारणार नाही, ती माझं तोंड धुऊन देईल आणि आत जाईल. मला फार भीती वाटली. मी बोलायला लागलो. कसलं बोलणं, अर्धे शब्द, सगळे 'र' आणि 'प' वाहून गेलेले. तोंड माझं नव्हतंच त्या वेळी, म्हणूनही निघालं असेल. मी तिला जागा सांगितली, लिंबाचं झाड सांगितलं. काकांनी मूल कसं हातात दिलं ते सांगितलं. आणि मग मीठ सांगितलं. मूठभर मूठभर. दुपटं सरकलं होतं. एक खडा डोळ्यावर बसला आणि मी फुंकर मारली नाही, ते सांगितलं. ती मला थांबवून पुन्हा म्हणा असं एकदाही म्हणाली नाही, म्हणजे तिला सगळं कळत होतं. सांगून झालं तेव्हा मी हौदाच्या कठड्याला धरून उभा होतो आणि ती आता काय करील ते बघत होतो. तिनं मारलं असतं तर मला चाललं असतं.

"मीठ टाकतातच," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"मिठाशिवाय कसं ठेवतील? आमच्याकडे सगळे टाकतात." तिनं तांब्या कठड्यावर ठेवला. "खड्डा किती खोल होता?"

मला आधी समजलंच नाही. "खड्डा," ती म्हणाली. "तुम्ही उतरला होतात ना? मग कुठपर्यंत आला होता? वरवर खणतात हो पैसे घेऊन. आमच्या शेजारच्या मैनाच्या लेकराला कुत्र्यांनी..." तिला पुढं बोलता आलं नाही. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि माझ्याकडे बघत राहिली. वर्षभर ती हे बघत होती. मी पापणीवरचा खडा बघत होतो आणि ती नदीकाठची कुत्री बघत होती, आणि उन्हाळ्यापर्यंत आम्ही एका घरात झोपत होतो.

मी सरळ उभा राहिलो. आठवून, नीट, हात आडवा करून छातीवर ठेवला, बरगड्या संपतात त्याच्या जरा वर. "इथपर्यंत," मी म्हणालो. मला वर यायला काकांनी हात दिला होता, तेही सांगितलं. ती जवळ आली. माझ्या हाताखाली तिनं आपला हात ठेवला, मग तो तसाच सरळ रेषेत आपल्याकडे नेला. तो तिच्या गळ्याशी आला. तिनं पुन्हा एकदा मोजलं.

"वर दगड?"

"ठेवले. नदीतले. मोठे."

"काटी?"

"बाभळीची. दोन फांद्या. मीच ओढून आणल्या."

"मग नाही," ती म्हणाली. "मग नाही काढलं त्याला कुणी." आणि ती खाली बसली, हौदाला पाठ लावून, आणि तिनं जो आवाज काढला तो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी तिच्याशेजारी बसलो. ती माझा दंड धरून रडत होती, नखं रुतत होती, आणि ती मला लागत होती.

मागच्या दारात कुसाबाई येऊन उभी राहिली. आम्हाला बघून ती आत वळली आणि बायकांना म्हणाली, "रडली बाई एकदाची बापासाठी. सकाळपासून नुसती दगडावानी बसली व्हती."

आम्हा दोघांपैकी कुणीच तिला काही सांगायला गेलं नाही.